अख्खं चित्र कानात मावत नाही

ताई, सप्रेम नमस्कार. मी म्हापशाची, वय एकेचाळीस, नोकरी बँकेत. सुट्टीच्या दिवशी स्केचबुक घेऊन बाहेर पडायची जुनी सवय आहे. शुक्रवारचा बाजार, जुन्या घरांचे सोपे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असं काढते आणि घरी येऊन वॉटरकलर करते. गेल्या पावसाळ्यात एका स्टुडिओत सिरॅमिकचं शिबिर केलं. तेव्हापासून याच चित्रांचे कानातले आणि पेंडंट करायचं डोक्यात आहे. थोडे केलेही. पण कागदावर जिवंत वाटणारं चित्र कानातल्यावर आलं की नुसता डाग दिसतो. बोगनवेल गुलाबीची राखाडी झाली. दोन जोड भट्टीच्या फळीला चिकटले, काही तर पहिल्याच भाजणीत फुटले. मावसभावाची गणपतीची चित्रशाळा आहे, तो म्हणतो हवी तेवढी माती फुकट ने. नवरा म्हणतो, एफडी मोड आणि स्वतःची भट्टी घे. पर्यटक व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या आठवणीनं ‘मारिओसारखं काही आहे का’ विचारतात. घरी बाबांनी जपलेले जुने दिवाळी अंक आहेत, त्यांतली दीनानाथ दलालांची चित्रं वापरली तर चालतील? आणि सासूबाई म्हणतात, मातीला पैसे मोजणार कोण? फोटो सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, म्हापसा

सप्रेम नमस्कार.

तुमचं बाजाराचं चित्र मी स्क्रीनवर मोठं करून सावकाश बघितलं. रंगीत छत्री, तिच्याखाली बसलेली केळीवाली, मागं कौलांची उतरण, वर ढग, कोपऱ्यात अर्धी स्कूटर. चित्र चांगलं आहे आणि हात तयार आहे, त्याबद्दल शंका ठेवू नका. आता कानातल्याचा फोटो. तेच सगळं, स्कूटरसकट, तुम्ही तीन सेंटिमीटरच्या गोलात बसवलंय. ए-फोर कागदावरचं चित्र जवळजवळ दहापट आकसलं, पण ब्रश आणि हौस मात्र तेवढीच राहिली. केळीवालीचा चेहरा मोहरीएवढा झाला, त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेचा थर चढला, ग्लेझनं कडा थोड्या विरघळवल्या आणि उरला डाग. शिवाय कानातलं बघणारं माणूस हातभर लांब उभं असतं आणि कान काही स्थिर नसतो.

म्हणून चित्र मातीवर ‘उतरवायचं’ सोडून द्या. चित्रातलं एकच काहीतरी उचला आणि तेवढ्या आकारासाठी नव्यानं काढा. बाकीच्या प्रश्नांना तांत्रिक उत्तरं आहेत, ती देतेच. पण हे जमलं नाही तर उत्तम माती आणि उत्तम भट्टी मिळूनही डागच निघतील.

करायचं कसं? पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाला तीन सेंटिमीटरचं भोक पाडा. एक गोल, एक चौकोनी, एक लांबुळकं. ते स्केचवर ठेवून हळूहळू सरकवा. बहुतेक ठिकाणी भोकातून काहीच कळणार नाही. मग एका जागी थांबाल, कारण तिथे आजूबाजूचं झाकलं तरी वस्तू ओळखू येते. तुमच्या चित्रात मला अशी जागा पाटीत सापडली. केळ्यांची फणी. चार वाकड्या रेघा, देठाशी काळपट जोड, एका केळ्यावर उन्हाची पांढरी फट. म्हापशाच्या बाजारात मयड्याची केळी घेतलेल्या माणसाला एवढं पुरतं. दुसरी जागा छत्रीची, पण सगळी छत्री नव्हे: दोन काड्या आणि त्यांच्यामधलं ताणलेलं कापड. एका कानात केळी, दुसऱ्या कानात छत्रीची ती पाकळी. दोन्ही कानांत तेच हवं असा काही नियम नाही, आणि तुमच्यासारख्या चित्रं काढणाऱ्या बाईनं तर तो मुळीच पाळू नये.

निवडलेला तुकडा थेट मातीवर घेऊ नका. आधी कागदावर, त्याच मापात, जाड ब्रशनं पुन्हा पुन्हा काढा. पहिल्यांदा पंचवीस रेघा लागतील. त्या आठावर येईपर्यंत माती उघडूच नका. खिडक्यांचंही तसंच. सगळी खिडकी आणि तिच्यावरची कौलं नकोत. शिंपल्यांची चार तावदानं आणि त्यांच्यामधली लाकडी पट्टी पुरे. त्या तावदानांचा दुधी, किंचित मोतिया रंग तर पांढऱ्या मातीवरच्या पारदर्शक ग्लेझमध्ये फुकट मिळतो. तिथे रंग लावायचा मोह आवरा.

कधी पणजीला गेलात तर आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात अर्धा तास काढा. तिथल्या निळ्या टाइलांवर कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, झोर्ज कोलासोनं १९३५ साली रंगवलेले. सगळे लांबून प्रसंग बघतात आणि पुढे जातात. तुम्ही जवळ जाऊन एकेक टाइल सुटी बघा. कुठे नुसती कापडाची घडी, कुठे दोन-तीन वळणं आणि बाकी मोकळी जागा. अशी एखादी टाइल एकटी भिंतीवर लावली असती तरी शोभली असती. त्या टाइलांचा कागदावर पेन्सिलीनं हिशेब मांडलात तर कानातल्यांचं निम्मं शिक्षण तिथेच होईल.

आता तंत्राकडे. तुमची स्केचेस दोन प्रकारची आहेत, रेघेची आणि पाणीदार रंगाची, आणि मातीवर त्यांच्या वाटा वेगळ्या.

रेघेच्या चित्रांसाठी आपल्याकडे घरचाच नमुना आहे: कावी. पेडण्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर बघितली असेल. चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबडा थर चढवायचा आणि तो ओलसर असतानाच खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा. सिरॅमिकमध्ये हेच करता येतं. पांढऱ्या मातीची चकती लेदरहार्ड झाली, म्हणजे वाकत नाही पण नखाचा ओरखडा उमटतो अशी झाली, की तिच्यावर तांबड्या मातीची पातळ स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, दोन थरांत लावा. ओली चमक गेली की सुईनं किंवा बॉलपेनच्या रिकाम्या टोकानं खरवडा. खरवडलेला भुगा लगेच झाडू नका. वाळल्यावर मऊ ब्रशनं निघतो, ओला असताना पुसलात तर रेघेत बसतो. एक सांभाळा: हा विटकरी लाल रंग लोहाचा आहे आणि तो साधारण १०००–१०५० अंशांपर्यंतच लाल राहतो. १२०० च्या वर नेलात की तपकिरी, चॉकलेटी होतो. वरून ग्लेझ दिलं तरी गडद होतो. म्हणून कावीच्या धर्तीचे दागिने कमी तापमानावर, चित्राच्या बाजूनं बिनग्लेझचे ठेवा.

वॉटरकलरसाठी अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझच्या खाली लावायचा रंग. तुम्ही ते वापरलंतच, पण वॉटरकलरसारखं पातळ करून वापरलंत असा फोटोवरून माझा अंदाज आहे. पातळ थर आगीत विरतो. बिस्क, म्हणजे पहिली भाजणी झालेल्या तुकड्यावर दोन-तीन थर लावा, मधे वाळू द्या, आणि पाणीदारपणा दाखवायचा असेल तर तो रंग पातळ करून नव्हे तर पांढरी जागा सोडून दाखवा.

बोगनवेल राखाडी का झाली? तर कागदावरचा गुलाबी आणि भट्टीतला गुलाबी यांचं नातं फक्त दिसण्यापुरतं. कागदावरचे बरेच गुलाबी सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात. भट्टीत गेले तर जळून जातील. सिरॅमिकमधला गुलाबी बहुधा क्रोम आणि कथिलाच्या जोडीतून येतो आणि तो भारी मानी. त्याला चुनखडीचं, म्हणजे कॅल्शियमचं प्रमाण चांगलं असलेलं ग्लेझ लागतं आणि जस्त अजिबात चालत नाही. ग्लेझमध्ये जस्त असेल तर गुलाबी मरतो, राखाडी किंवा मातकट होतो. स्टुडिओत विचारा, त्यांच्या पारदर्शक ग्लेझमध्ये झिंक आहे का. असेल तर बोगनवेलीसाठी झिंक नसलेलं ग्लेझ घ्या. गंमत म्हणजे हाच क्रोम नको तिथेही गुलाबी देतो. क्रोमचा हिरवा आणि कथिलाचं पांढरं ग्लेझ एका भाजणीत शेजारी ठेवलं तर पांढऱ्यावर गुलाबी झाक येते. केळीच्या पानांचे तुकडे त्यापासून लांब ठेवा.

तुमचं आकाश मात्र छान निळं आलंय, कारण कोबाल्ट कशालाच दाद देत नाही. ग्लेझमध्ये शेकडा एक टक्का कोबाल्ट ऑक्साइडही चांगला गडद निळा देतो. उलट तो फार होऊ नये हीच काळजी. केळ्यांसाठी झिर्कॉनचा पिवळा स्टेन (तयार रंगपूड) घ्या, तो १२५० पर्यंत सहज टिकतो. आणि प्रत्येक रंगाची, तुमच्याच मातीवर, तुमच्याच ग्लेझखाली, बोटाएवढी चाचणीपट्टी करा. मागं सुईनं रंगाचं नाव, थर किती, तापमान किती, हे लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण बाटलीवरच्या रंगाच्या नमुन्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा परवडतं.

मावसभावाची माती. ती शेतातली चिकणमाती असेल तर कावीच्या तांबड्या स्लिपसाठी आनंदानं आणा, पण सबंध दागिना तिचा करू नका. ती गणपतीसाठी योग्य आहे कारण गणपती भट्टीत जात नाही. खाजणाकाठच्या (खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनीच्या), नदीकाठच्या मातीत शिंपल्यांची चुरी असते. भाजल्यावर त्या कणाचा चुना होतो, दागिना सुंदर दिसतो, तुम्ही विकता, आणि मग आपल्या दमट हवेत तो चुना ओल ओढून फुगतो आणि पृष्ठभागाचा टवका उडवतो. गिऱ्हाइकाच्या घरी. स्लिपसाठीसुद्धा ती पाण्यात विरघळवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळा. आणि ही माती कुणाच्या स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट होणाऱ्या मातीच्या भाजणीत कधीही घालू नका. १२२० अंशांना ती फुगते, वितळून फळीवर पसरते, आणि त्या फळीचे पैसे तुम्हाला भरावे लागतात.

दागिन्यासाठी माझं मत पांढऱ्या स्टोनवेअरला, साधारण १२२०–१२४० अंशांवर भाजलेल्या. ती घट्ट होते, घाम आणि पाणी पीत नाही, आपटली तर टेराकोटाच्या मानानं तग धरते. कावीचा प्रकार तेवढा कमी तापमानावर. पाट्या अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या लाटा. जाड केल्यात तर कान ओढतो आणि बाई तासाभरात कानातलं काढून पर्समध्ये टाकते. माती आकसते, हे शिबिरात सांगितलं असेल. किती, ते मातीगणिक बदलतं, साधारण दहा ते पंधरा टक्के. तुमच्या मातीचं बारा टक्के निघालं तर तीन सेंटिमीटरच्या कानातल्यासाठी चौतीस मिलिमीटरचा साचा कापायचा. आणि चित्रही त्याच मोठ्या मापात काढायचं. कडीचं भोक ओल्या मातीत दोन-अडीच मिलिमीटरचं, काठापासून निदान चार मिलिमीटर आत. फोटोतलं तुमचं भोक काठाला इतकं लागून आहे की पहिल्या धक्क्याला तिथेच तुटेल.

फुटलेल्यांचं कारण पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये इथली माती वाळल्यासारखी दिसते, वाळलेली नसते. तुकडा गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. ते पाणी शंभर अंशांवर वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि वाट नसली की तुकडा उडवतं, शेजारच्यांनाही घेऊन. उपाय साधा आहे: भट्टी ८०–९० अंशांवर दोन-तीन तास नुसती धरून ठेवायची, मग पुढे सहाशेपर्यंत सावकाश. चपट्या चकत्या वाळवताना वर्तमानपत्राच्या थरांत ठेवून वरून हलकं वजन द्या आणि रोज उलटा, म्हणजे वाकणार नाहीत. पंख्याखाली ठेवू नका.

फळीला चिकटणं हा सगळ्यात सोपा प्रश्न. ग्लेझ म्हणजे काच. जिथे टेकेल तिथे चिकटेल. चपट्या तुकड्याची मागची बाजू ओल्या स्पंजनं अगदी स्वच्छ पुसा, काठावरूनही मिलिमीटरभर वर. दोन्ही बाजूंना ग्लेझ हवं असेल तर कांथल या भट्टीत टिकणाऱ्या तारेच्या मांडवावर लोंबते टांगून भाजायचे. भोकातलं ग्लेझ टोच्यानं काढून टाकायचं. निक्रोम तारही मिळते, पण स्टोनवेअरच्या तापमानाला ती ओझ्यानं वाकते. चांदीची कडी मातीत बसवून भाजायची कल्पना मनात असेल तर काढून टाका, चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते. हुक, कड्या सगळं शेवटी. आणि हुक ९२.५ चांदीचे किंवा सर्जिकल स्टीलचे घ्या. स्वस्त हुकांतलं निकेल पुष्कळ कानांना सोसत नाही, आणि पितळ आपल्या खाऱ्या हवेत हिरवं पडतं.

एफडी मोडू नका. दागिन्यांना जागा किती लागते बघा: तीस बाय तीसच्या एका फळीवर सेंटिमीटरभर अंतर सोडून पन्नासेक कानातले बसतात. तेवढे तुमच्या हातून महिन्याला निघणार आहेत का? नोकरी सांभाळून? शिबिर केलंत त्या स्टुडिओला फळीच्या हिशेबानं भाडं देऊन भाजून घ्या. त्यांच्या भांड्यांच्या मधल्या फटीतही तुमचा माल मावेल, भाव करायला हरकत नाही. बदल्यात एवढंच, तुमची माती आणि ग्लेझ कोणत्या तापमानाचं आहे ते त्यांना आधी स्पष्ट सांगायचं. भट्टी घ्यायची वेळ पुढे आलीच तर मशीन बघायच्या आधी घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार बघा, आणि ती ठेवायला स्वयंपाकघराबाहेरची, हवा खेळती असलेली पक्की जागा आहे का ते. काहींनी भट्टी आधी घेतली आणि वायरिंग नंतर केलं. त्यांची वीज आणि उत्साह दोन्ही गेलं.

स्वयंपाकघरावरून आठवलं. तुमच्या एका फोटोत ओट्यावर सुकी मातीची पूड दिसते. ती झाडून काढू नका. त्यातली बारीक सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते ती कायमची. ओल्या फडक्यानं पुसा, घासकाम पाण्याखाली करा, सुकं काही चाळायचं तर मास्क लावा. आणि ओटा हा ओट्यासारखाच राहू द्या. मातीचं काम दुसऱ्या टेबलावर.

दिवाळी अंकांचं विचारलंत ते बरं केलंत, कारण बहुतेक लोक विचारत नाहीत. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क शाबूत असतो. दीनानाथ दलाल मडगावचे. ते गेले १९७१ साली. म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्यांचं चित्र परवानगीशिवाय विकाऊ वस्तूवर घेता येत नाही. मारिओ मिरांडा २०११ मध्ये गेले, तिथे तर २०७१ पर्यंत. अंक तुमच्या बाबांचा, चित्र नव्हे. शैलीवर कुणाचा मालकी हक्क नसतो हे खरं, पण मला विचाराल तर ‘मारिओसारखं’ करूच नका. ज्याला मारिओ हवेत तो अधिकृत टाइल घेईल. तुमच्याकडून त्याला नक्कल मिळेल आणि तुमची केळी मात्र कुणालाच मिळणार नाहीत. दलालांचा अंक उघडा ठेवून शिकायला काहीच हरकत नाही. त्यांची एखादी स्त्री बघा आणि तिच्या चेहऱ्याला रेघा किती लागल्यात ते मोजा.

राहिलं सासूबाईंचं. मातीला पैसे कुणी मोजत नाही, त्यांचं बरोबर आहे. हाताला आणि डोळ्याला मोजतात, पण तो भाव तुम्हाला न लाजता सांगता आला पाहिजे. हिशेब असा करा: माती, ग्लेझ, भाजणीचं भाडं, हुक, डबी आणि तुमचे तास, सगळं धरा. मग दहा जोडांतले विकण्याजोगे किती निघाले ते बघा. सात निघाले तर दहांचा खर्च सातांवर वाटायचा. नवीन माणसं हेच विसरतात आणि सीझनभर विकून हातात काही उरत नाही. प्रत्येक जोडासाठी दोन नव्हे, तीन तुकडे करा. एखादा वाकडा झाला, रंग फसला तरी जोड मोडत नाही, आणि तिसरा चांगला निघाला तर त्याचं पेंडंट होतं. किनाऱ्यावरच्या बाजारात पॉलिमर क्लेचे, रेझिनचे दागिने ‘सिरॅमिक’ म्हणून सर्रास विकतात. त्यांतली पॉलिमर क्ले तर घरच्या ओव्हनमध्ये सव्वाशे-दीडशे अंशांच्या आत होते, त्यामुळे किमतीत त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका. तिथे घासाघीसही फार. डिसेंबरात पणजीत कलेचे कार्यक्रम असतात तेव्हा येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. सोबत मूळ स्केचची छोटी छापील चिठ्ठी द्या, हा तुकडा कोणत्या चित्रातला आहे ते दाखवणारी. तुमच्याकडे ते स्केच आहे, दुसऱ्या दुकानदाराकडे नाही.

आणि मागच्या बाजूला सही करा. नाव लहान, खाली ‘म्हापसा’. लेदरहार्ड असतानाच, सुईनं, कारण ग्लेझच्या वेळी आठवलं तर उशीर झालेला असतो.